खांबावरचे दोन ठोके

प्रॉथेरोचं, म्हणजे आमच्या गावच्या बास्केटबॉल संघाच्या मालकाचं, सभागृह पाडायला काढलं त्या आठवड्यात माझ्या नवऱ्याबरोबर एकेकाळी खेळलेला मॅकनल्टी त्याचा खटारा ट्रक घेऊन आमच्या दारात आला आणि हॉर्न वाजवत बसला. मी बाहेर जाऊन विचारलं, "हात मोडलेत का? दार वाजवता येत नाही?"

"वहिनी, ओरडू नकोस," तो दात काढत म्हणाला. "डोमासला बोलाव. त्याची टोपली आणलीय."

ट्रकमध्ये खेळाचा पिंजरा होता. सगळा नव्हे. एक उंच लोखंडी खांब, त्याला अजून धरून राहिलेली हातभर रुंद तारेची जाळी, आणि वरच्या टोकाला पुढे आलेल्या दांड्यावर टोपलीची कडी. सगळ्यावर गंज चढला होता. फक्त खांबाच्या मागच्या बाजूला, खुर्चीत बसलेल्या बाईच्या खांद्याइतक्या उंचीवर, नखाएवढी जागा अजून घासलेली दिसत होती. ती मी घासली होती.

मी बार्बोरा ग्रिगास. माझा नवरा डोमास आज खाणीच्या दिवेघरात खिडकीमागे बसतो आणि खाली जाणाऱ्यांना दिवे देतो, वर येणाऱ्यांचे परत घेतो. पण १९१२पासून चार हिवाळे तो पैसे घेऊन बास्केटबॉल खेळला. पेपरवाले त्याला टॉम ग्रिग्ज लिहायचे, लिथुआनियन नाव त्यांच्या तोंडात मावायचं नाही म्हणून. लग्नाआधी माझ्या आईला सांगितलं की मुलगा चेंडू खेळतो, तर ती म्हणाली, "ते कळलं गं, पण काम काय करतो?"

आताच्या मुलांना तो खेळ सांगून पटत नाही. चारी बाजूंनी बारा फूट उंच जाळी आणि आत पाच-पाच माणसं. चेंडू बाहेर जाणारच नाही, म्हणून खेळ थांबणारच नाही. माणूस जाळीवर आपटला की जाळी त्याला परत आत फेकायची. सामन्यानंतर डोमासच्या पाठीवर तारेचे चौकोन उमटलेले असायचे आणि मी त्यांच्यावर हंसाची चरबी चोळत बसायची. जाळीबाहेर आम्ही सगळे. शेजारची मिसेस डुगन टोपीची लांब पिन काढून हातात धरायची आणि परगावचा कुणी जाळीला टेकला की त्याच्या मांडीत खुपसायची. "देवाचंच काम आहे हे," म्हणायची. रविवारी सकाळी चर्चमध्ये पहिल्या बाकावर तीच.

तेव्हा नियम असा होता की फाऊल कुणावरही होवो, त्याचा चेंडू टाकायचा एकाच माणसानं. प्रत्येक संघाचा एक ठरलेला माणूस. आमचा डोमास. पंधरा फुटांवर रेघेवर उभं राहायचं, चेंडू दोन्ही हातांत धरून गुडघ्यांमधून झुलवायचा आणि वर सोडायचा. एका सामन्यात वीस-पंचवीस फाऊल व्हायचे, म्हणजे अर्धा सामना त्याच्या एकट्याच्या हातात. परगावी तो रेघेवर आला की तिथले लोक स्टोव्हवर खिळे तापवून त्याच्या उघड्या पोटऱ्यांवर फेकायचे. आमच्या गावची रीत उलटी. डोमास रेघेवर उभा राहिला की आमचं अख्खं सभागृह गप्प व्हायचं. खोकणारा माणूसही रुमाल तोंडात कोंबायचा.

त्याचा बाप खाणीत गाडला गेला आणि सापडलाच नाही. चर्चमागे नुसता दगड आहे, खाली कुणी नाही. तेव्हापासून डोमासचं एकच म्हणणं, मी खाली जाणार नाही. आमच्या गावात हे बोलणं म्हणजे मी जेवणार नाही म्हणण्यासारखं होतं. पण चेंडूनं त्याला वर ठेवलं. सकाळी गल्लीतली सगळी माणसं डबे घेऊन खाली निघायची, आणि माझा नवरा दारात उभा राहून सफरचंद खायचा. मला त्याचा गर्व होता, उगीच खोटं कशाला बोलू?

१९१४च्या हिवाळ्यात एका आडदांड माणसानं त्याला कोपऱ्यातल्या खांबावर घातलं. डावा डोळा पंधरा दिवस सुजून बंद होता. सूज उतरली तेव्हा त्या डोळ्यानं काहीच दिसत नव्हतं. हे आम्ही दोघांनी दाबून ठेवलं. एक डोळा आहे की, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली. पुढच्या उन्हाळ्यात एकदा त्यानं बार्लीचं सूप वाडग्याच्या शेजारी, सरळ टेबलावर ओतलं. नुकतंच घासलेलं टेबल.

"आंधळा आहेस का?" मी खेकसले.

"हळू बोल," तो म्हणाला.

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"उजवाही आता मंद झालाय. टोपली दिसत नाही, बार्बुते. माणसं दिसतात, शर्टांचे रंग दिसतात. ती कडी मात्र हवेत विरघळून जाते."

"मग शेवटच्या सामन्यात अकरा टाकलेस ते?"

"फळीत एक गाठ आहे. तिच्यावर उजव्या पायाचा अंगठा ठेवला की पायांना कळतं. पण कुणी धक्काबुक्की केली, डोकं फिरलं, की सरळ कुठे तेच समजत नाही. एखादा चेंडू चुकतो. मग दोन. मग प्रॉथेरो दुसरा माणूस आणेल, आणि मी बापाच्या मागे जाईन."

पुढची युक्ती माझी. डोमासनं मागितली नव्हती. मी शर्टांच्या कारखान्यात काम करायची, शिवताना बोटात घालायचं पितळेचं अंगुस्तान सतत खिशात. मी म्हटलं, टोपलीच्या बरोबर मागे, खांबाला लागून, पहिल्या रांगेत बसते. तू रेघेवर आलास की खांबावर दोनदा वाजवते. आवाज येईल तिकडे टाक. सभागृह तर गप्पच असतं.

त्यानं माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या दिशेनं. मग हसला. त्या हसण्यासाठी मी पिंजऱ्याचे सगळे खांब वाजवले असते.

आणि ते जमलं! टण-टण, आणि चेंडू कडीतून आत. पहिल्याच सामन्यात विसातले एकोणीस. पेपरात छापून आलं की टॉम ग्रिग्जची बायको नवऱ्याच्या नशिबासाठी लोखंड ठोकते. त्यानंतर गावातल्या बायका घरून निघताना फाटक ठोकून निघायला लागल्या. परगावी तो गाठीशिवाय, आवाजाशिवाय कसाबसा निम्मे टाकायचा. लोक म्हणायचे तापलेल्या खिळ्यांचा परिणाम. त्या खिळ्यांनीच आमची अब्रू राखली. मिसेस डुगन एकदा मला कोपरानं ढोसून म्हणाली, "काय गं, चेंडू तो टाकतो की तू?" मी हसले आणि अंगुस्तान खिशात टाकलं.

मला ते आवडायला लागलं होतं, ही यातली खरी गोष्ट. सहाशे माणसं श्वास रोखून बसायची आणि त्या शांततेत फक्त माझा आवाज व्हायचा. त्याच्या डोळ्याचं काय होतंय ते मी सहा महिने विचारलं नाही.

१९१६च्या जानेवारीत तो आपणहून म्हणाला की डोळ्यात विजा चमकतात. रुळांवरच्या ट्रॉलीनं आम्ही मोठ्या शहरात डॉक्टर लाइबर्टकडे गेलो. म्हाताऱ्यानं भिंग लावून पुष्कळ वेळ बघितलं आणि भिंग खाली ठेवून विचारलं, "काम काय करता?"

"चेंडू खेळतो," डोमास म्हणाला.

"सोडा. डोळ्याच्या आतला पडदा सुटत आलाय. डोक्यावर आणखी एक जोराचा दणका बसला, तर हाही डोळा गेला म्हणून समजा. न आपटता राहिलात तर आहे तेवढं बरीच वर्षं टिकेल."

परतीच्या ट्रॉलीत आम्ही भांडलो. पुढे बसलेली पोलिश म्हातारी वळूनवळून बघत होती, तरी भांडलो.

"सोड म्हणालाय ना तो? मग सोड!"

"हा हंगाम संपू दे."

"हंगाम संपेपर्यंत डोळा राहील का?"

"सोडून करू काय? खाली जाऊ?"

"एका डोळ्याच्या माणसाला खाली घेत नाहीत."

"घेतात. खेचरं हाकायला घेतात. खेचरंही आंधळीच असतात तिथे."

"माझा पगार आहे."

"हो. तू शिवत बस, मी सुयांत दोरा ओवतो." असं म्हणून तो खिडकीकडे वळला. खिडकीबाहेर त्याला काय दिसत होतं कुणास ठाऊक.

प्रॉथेरोला जाऊन सांगावं असं मनात आलं. एकदा त्याच्या दारापर्यंत गेलेही. पण सांगितलं असतं तर सगळं गाव म्हणालं असतं की वर्षभर आम्हाला आंधळा माणूस विकला, आणि डोमासनं मला जन्मभर माफ केलं नसतं. मी न वाजवायचं ठरवलं असतं तर त्यानं त्याच दिवशी घरी येऊन विचारलं असतं. मला दुसरंच काही हवं होतं. खेळानंच त्याला सोडावं, आणि त्यात माझा हात कुणाला दिसू नये. मी भित्री होते, दुसरं काय!

बावीस फेब्रुवारीला वॉशिंग्टनच्या वाढदिवसाची सुट्टी असते. त्या दुपारी नदीपलीकडच्या संघाशी शेवटचा सामना होता. जिंकेल त्याचं विजेतेपद. सभागृहात शिरायला जागा नव्हती. कोपऱ्यातले स्टोव्ह लाल झाले होते, कोटांचा ओला वास सुटला होता. डोमासनं लागोपाठ नऊ टाकले, मी नऊ वेळा वाजवलं. तोपर्यंत माझ्या मनात काहीही नव्हतं, देवाशपथ.

मग उत्तरार्धात त्यांच्या दोघांनी मिळून त्याला उचलून जाळीवर घातलं. माझ्यापासून हाताच्या अंतरावर. उजवं कानशील खांबावर आपटलं. तो आवाज मी अंगुस्तानानं हंगामभर काढत होते, तसाच, फक्त जाड. डोमास हसत उभा राहिला, कारण पिंजऱ्यात हसतच उभं राहायचं असतं. तोल सावरायला त्यानं जाळी धरायला हात पुढे केला, आणि जाळी होती त्याच्या उलट्या बाजूला. हवेतच हात फिरवला दोनदा. लोकांना वाटलं गंमत करतोय. लोक हसले.

मी नाही हसले. त्याच क्षणी माझं ठरलं.

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणानं मागे होतो. नदीपलीकडच्यांनी वेड्यासारखे तीन फाऊल केले, एकापाठोपाठ एक. तीनही डोमासनं टाकायचे. एक गेला तर बरोबरी, दोन गेले की आम्ही जिंकलो. तो रेघेवर आला, पायाच्या अंगठ्यानं फळीतली गाठ शोधली, आणि सभागृह गप्प झालं.

मी खांबावर वाजवलं नाही. वीतभर डावीकडे, जाळीवर वाजवलं. दोनदा, तसंच.

तो थांबला. नेहमीपेक्षा जास्त थांबला. त्यानं मान किंचित तिरकी केली. मग चेंडू झुलवून टाकला, आणि तो कडीच्या बाजूनं वीतभर अंतरावरून जाळीवर आदळला. दुसऱ्यांदा मी तिथेच वाजवलं. तिसऱ्यांदाही. तीनही तिथेच गेले, एकाच जागी, एखाद्यानं खुणेवर टाकावेत तसे. माझा हात एकदाही चळला नाही.

एका गुणानं आम्ही हरलो. शिट्टी वाजल्यावरही सभागृह गप्पच राहिलं, आणि ती शांतता पहिल्यासारखी नव्हती. डोमास जाळीला टेकून उभा होता. मिसेस डुगननं, देवाचं काम करणाऱ्या त्या बाईनं, पिन घेऊन त्याच्याच मांडीत खुपसली. आमच्याच माणसाच्या. तो हललासुद्धा नाही. मग दर सामन्यानंतर यायचा तसा नाचाचा बँड आला, जाळीचं दार उघडून लोक आत नाचायला लागले. नाचणाऱ्यांमधून वाट काढत मी त्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

"टॉम, तुझा हात गेला रे," एवढंच प्रॉथेरो म्हणाला.

"हो," डोमास म्हणाला.

घरी मी वाट बघत होते. आता विचारेल, आता ओरडेल. त्यानं विचारलं, "सूप उरलंय का?"

पुढच्या हंगामासाठी प्रॉथेरोनं नवा माणूस आणला. काही वर्षांनी नियमच बदलला, ज्याच्यावर फाऊल त्यानं टाकायचा, आणि डोमाससारख्या माणसांचं कामच संपलं. तो खाली गेला नाही. दिवेघरातल्या म्हाताऱ्याला दम लागायला लागला होता, त्याच्या जागी डोमासला घेतलं. खाली जाणारा प्रत्येक माणूस त्याच्या खिडकीशी यायचा, आणि बरेच जण दिवा घेताना म्हणायचे, "काय टॉम, आज तरी सरळ देशील ना?" वर्षानुवर्षं, तोच विनोद. तो दिवा सरळ त्यांच्या हातात द्यायचा.

डोळा टिकला. धूसर, पण टिकला. १९१८मध्ये आमची मुलगी एल्झ्बिएता झाली तेव्हा त्यानं तिला खिडकीजवळ नेलं, नाकाला नाक लावलं आणि म्हणाला, "हिचं नाक तुझ्यावर गेलंय, बिचारी." तेव्हा मी स्वतःला सांगितलं, बघ, यासाठी केलंस. हे मी नंतर कितीतरी वेळा सांगितलं स्वतःला. तरी दर महिन्याला कबुलीजबाबाला गेले की जाळीपलीकडच्या फादरला तेच एक पाप सांगायची. तिथेही जाळीच. शेवटी फादर वैतागून म्हणाले, "बार्बोरा, हे देवानं दहा वर्षांपूर्वीच माफ केलंय. दुसरं काही नाही का तुझ्याकडे?" पण देवाच्या माफीनं माझं भागत नव्हतं.

तर त्या दिवशी मॅकनल्टीनं आणि डोमासनं मिळून तो खांब कोळशाच्या खोपटाला टेकवून उभा केला आणि तारेनं बांधला. मॅकनल्टी बिअर पिऊन, जुन्या दुखण्यांची यादी म्हणून दाखवून निघून गेला. जाताना सीटखालून एक शिवणी उसवलेला जुना चेंडू काढून ठेवून गेला. अंगणात आम्ही दोघंच उरलो. दुपारचं सौम्य ऊन होतं. गल्लीत कुणी नव्हतं, खाणीतली पाळी सुटायला अवकाश होता.

डोमासनं खांबापासून पावलं मोजली. पंधरा फुटांवर टाचेनं राखेत रेघ ओढली. एकवीस वर्षांनी तो पहिल्यांदा तसा उभा राहिला, गुडघे जरा वाकवून. केस पांढरे, चष्म्याची काच बोटभर जाड. मग त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला.

"अंगुस्तान आहे?"

"आहे. कशाला?"

"मागे जा. वाजव."

"पोरकटपणा पुरे झाला, डोमास. शेजारी बघतील."

"वाजव गं."

मी खांबाच्या मागे गेले. त्या घासलेल्या जागेवर दोनदा वाजवलं. टण-टण. चेंडू वर गेला आणि कडीला न शिवता खाली आला. माझे डोळे भरून आले. मी चेंडू उचलून त्याला नेऊन दिला.

"आता त्या दिवशीचं वाजव," तो म्हणाला.

"कुठल्या दिवशीचं?"

"बार्बुते."

पळून जावंसं वाटलं, पण जाणार कुठे, अंगण माझंच. मी परत मागे गेले. वीतभर डावीकडे, गंजलेल्या जाळीवर, दोनदा वाजवलं.

खळ्ळ-खळ्ळ.

त्या रिकाम्या अंगणात तो आवाज पहिल्यांदा मी नीट ऐकला. चर्चची घंटा आणि पातेल्याचं झाकण, इतका फरक. शेजारच्या कोंबड्यांनासुद्धा कळला असता. आणि मी समजत होते की हंगामभर त्या एका खांबाच्या आवाजावर जगलेल्या माणसाला तो कळणार नाही!

त्यानं चेंडू टाकला. तो कडीच्या बाजूनं वीतभर अंतरावरून जाळीवर आदळला.

"असाच गेला होता ना?" त्यानं विचारलं.

"तुला कळलं होतं."

"पहिल्याच ठोक्याला. खांब वाजतो, जाळी खळखळते."

"खांब कुठे ते माहीत होतं तुला! मग तिकडे कशाला टाकलास?"

त्यानं खिशातून चष्मा काढला, पण घातला नाही. पुसत राहिला. "कानशील आपटलं ना, तेव्हा सगळं काळं झालं होतं. थोडं थोडं परत आलं. मी फार घाबरलो होतो, बार्बुते. थांबायचं होतं मला. पण मी आपणहून थांबलो असतो, तर घाबरून थांबलो असं झालं असतं. मग तू बाजूला वाजवलंस. म्हटलं, बरं झालं. तू वाजवलंस तिथे टाकला."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर ते थांबणं माझं झालं असतं."

माझ्या डोक्यात असा जाळ उठला की काही दिसेना. "एकवीस वर्षं!" मी ओरडले. शेजारी बघोत नाहीतर गाव बघो. "एकवीस वर्षं मी फादरचे कान खाल्ले! लोक तुला खिडकीत टोचून बोलायचे तेव्हा मी उशीत तोंड खुपसून रडायची! आणि तू सूप मागतोस? सूप?"

"तूही बोलली नाहीस," तो हळूच म्हणाला.

मी खांबामागून त्याच्यासमोर आले आणि अंगुस्तान काढून त्याच्या अंगावर फेकलं. त्याच्या छातीला लागून ते राखेत पडलं आणि घरंगळत परत माझ्याच पायाशी आलं. तो गुडघ्यांवर बसला आणि भलतीकडेच, दोन हात लांब, राख चाचपायला लागला. चष्मा तसाच हातात. मला ते अंगुस्तान स्वच्छ दिसत होतं. मी त्याला शोधू दिलं. बराच वेळ शोधू दिलं.

मग पायाजवळच्या दगडावर मी दोनदा बूट आपटला.